विनोद कांबळी : एका हिशेबाची फेरतपासणी

३ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या शिवाजी पार्कवर क्रिकेटचे थोर प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. व्यासपीठावर त्यांचे दोन शिष्य भेटले. आजाराने थकलेल्या विनोद कांबळींनी बसल्या जागेवरून सचिन तेंडुलकरांचा हात धरला. ते दृश्य देशभर पाहिले गेले. आमच्या छत्रपती संभाजीनगरातही ते अनेकांच्या भ्रमणध्वनीवर फिरले आणि बहुतेकांनी एकच शेरा मारला : "वाया गेला."

हा शेरा आमच्या कानांना नवा नव्हता. हे शहर औरंगाबाद म्हणून ओळखले जात होते, त्या काळात युवकांच्या एका शिबिरात आम्ही स्वतःच तो उच्चारला होता. देणगी मिळूनही ती न जपणाऱ्या माणसाचे उदाहरण म्हणून कांबळींचे नाव आम्ही बिनदिक्कत घेतले होते. आज तो हिशेब पुन्हा तपासावासा वाटतो.

कांजूरमार्गच्या सामान्य वस्तीतला हा मुलगा क्रिकेटचे सामान खांद्यावर टाकून लोकलच्या गर्दीतून दादरला येत असे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या या दोन मुलांनी सेंट झेवियर्स विद्यालयाविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. त्यानंतर कांबळींनी ३७ धावांत ६ बळीही घेतले. पुढच्याच वर्षी रणजी करंडकात त्यांनी आपल्या पहिल्याच चेंडूवर षटकार मारला.

१९९३ साली आम्ही सेमिनरीत होतो. कांबळी आमचे समवयस्क. त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबई दंगलींनी होरपळली होती. फेब्रुवारीत त्याच जखमी शहरात, वानखेडेवर, या डावखुऱ्या फलंदाजाने इंग्लंडविरुद्ध २२४ धावा केल्या. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. दुसऱ्या दिवशी दिल्लीत झिंबाब्वेविरुद्धची कसोटी सुरू झाली आणि तीत त्यांनी २२७ धावा काढल्या. लागोपाठच्या दोन कसोटी डावांत द्विशतके! त्यांच्यापूर्वी हे केवळ हॅमंड आणि ब्रॅडमन यांनाच साधले होते. पाठोपाठ श्रीलंकेत १२५ आणि १२०. पहिल्या ७ कसोटींत ७९३ धावा, सरासरी ११३.२९. एकूण १४ डावांत त्यांनी हजार धावांचा टप्पा गाठला. इतक्या वेगाने तो त्याआधी कोणत्याही भारतीयाने गाठला नव्हता.

मुष्टियुद्धात ठोसा कितीही जबर असला, तरी बचावाचा हात खाली आला की प्रतिस्पर्ध्याला वाट सापडते. कांबळींचेही तसेच झाले. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडिजच्या कोर्टनी वॉल्श आदी वेगवान गोलंदाजांनी उसळत्या चेंडूंनी त्यांच्या बचावातील उणीव उघडी पाडली. तीन कसोटींत एकही अर्धशतक झाले नाही. पहिल्या ७ कसोटींनंतरच्या १० कसोटींत त्यांच्या धावा झाल्या केवळ २९१. नोव्हेंबर १९९५ मध्ये कटक येथे ते शेवटची कसोटी खेळले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे तेवीस.

एकदिवसीय सामन्यांतही असेच चढउतार दिसतात. १९९४ मध्ये शारजात शेन वॉर्नच्या एका षटकात २२ धावा, १९९६ च्या विश्वचषकात झिंबाब्वेविरुद्ध शतक, आणि त्याच स्पर्धेत १३ मार्चला ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांनी सामना उधळल्यावर अश्रू ढाळत मैदान सोडणारे कांबळी. २००० पर्यंत ते संघात येत-जात राहिले. १०४ सामन्यांत २४७७ धावा ही त्या प्रवासाची बेरीज.

तेव्हा अस्थिरतेचा आरोप निराधार नाही. उणीव होती, ती दूर करण्याची जबाबदारीही प्रथम त्यांचीच होती. परंतु हिशेबाची दुसरी बाजू आम्ही कधी वाचलीच नव्हती. १७ कसोटींत १०८४ धावा, सरासरी ५४.२०. प्रथम श्रेणीच्या १२९ सामन्यांत ९९६५ धावा, सरासरी ५९.६७. तेंडुलकरांची प्रथम श्रेणीतील सरासरी ५७.८४ आहे. अर्थात तेंडुलकरांनी त्याहून कितीतरी अधिक सामने खेळून ती राखली, म्हणून या आकड्यांवरून थोरवी ठरवू नये. पण वर्षानुवर्षे देशांतर्गत मैदानांवर अशी सरासरी राखणाऱ्याला 'वाया गेलेला' कसे म्हणावे? दहा हजारांना ३५ धावा कमी पडल्या, एवढेच.

खरा अन्याय तुलनेने केला. दोघे एका मैदानातून निघाले, म्हणून एकाची उंची ही दुसऱ्याची मोजपट्टी ठरली. शुभवर्तमानातील रुपयांचा दाखला आम्ही किती वेळा समजावून सांगितला असेल! त्यात दोन रुपयांवर दोन मिळवणाऱ्या दासाला पाच मिळवणाऱ्याइतकीच शाबासकी मिळते. धनी दोघांची तुलना करीत नाही. कांबळींविषयी बोलताना मात्र आम्ही ती केली.

त्या शिबिरात दहावीला नापास झालेली काही मुले मागच्या बाकांवर बसली होती. एका थोर खेळाडूचा हिशेब तेविसाव्या वर्षी बंद करताना आपण त्यांचाही हिशेब बंद करीत आहोत, हे आम्हाला तेव्हा उमगले नाही. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हा अंक पडला, तर त्याने आमचा तो शेरा खोडून टाकावा. आम्ही तो खोडला आहे.