तोरण्याआधीचे पावसाळे

'एज ऑफ एम्पायर्स' या संगणकावरच्या खेळाचा दुसरा भाग १९९९ साली आला. त्याच वर्षी परभणीतून वेगळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा झाला. इथे हट्ट्यात माझा पुतण्या तो खेळ अजून खेळतो. शेजारी बसून मीही शिकलो. सुरुवातीला हाताशी तीन गावकरी आणि एक घोडेस्वार. नवा गावकरी हवा तर पन्नास अन्न मोजायचं, पुढच्या युगात जायला पाचशे. असलेलं धान्य माणसं वाढवण्यात घालायचं की भालाईत उभे करून शेजाऱ्यावर चालून जायचं, यावर डाव फिरतो. "काका, आधी शेतं," पुतण्या सांगतो.

मला तेव्हा पुणं आठवतं. १६३०च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ते जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. त्यात दुष्काळ पडला. शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेवांकडे आला, तेव्हा वसूल करण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं. त्यांनी इस्तावा दिला: पडीक रान फोडणाऱ्याला पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा चढता. पुरा सारा काही वर्षांनी. तोरणा किल्ला शिवाजीराजांच्या हाती आला तो १६४६-४७च्या सुमारास. तोरण्याची गोष्ट आपण पोरांना रंगवून सांगतो. त्याआधीच्या पावसाळ्यांची सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

राज्य वाढल्यावरही शिवाजीराजांनी हा हिशेब सोडला नाही. ५ सप्टेंबर १६७६ला प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना गेलेलं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. गावोगाव फिरून कुणबी गोळा करा. ज्याच्याकडे माणसं आहेत पण बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्या, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे द्या. वाढीदिढी न घेता नुसतं मुद्दल, तेही त्याला ताकद येईल तसं हळूहळू वसूल करा. यावर दोन लाख लारी (तेव्हाचं नाणं) खर्च झाली तरी कबूल! हे कोकणातल्या शेतीसाठी. आणि पुढच्याच वर्षी फौज दक्षिणेत पार जिंजीपर्यंत पोचली.

'नुसतं मुद्दल' याची किंमत मला कळते, कारण मी हळद लावतो. बेणं, शेणखत, मजुरी, सगळं पावसाळ्याच्या तोंडावर घालायचं. काढणी, शिजवणी होऊन पैसा दिसतो तो पुढच्या उन्हाळ्यात. तोवर व्याज चालूच असतं. खेळात मात्र साठ लाकडं टाकली की शेत लगेच पिकतं.

याउलट औरंगजेब मुलूख जिंकत गेला: १६८६ला विजापूर घेतलं, १६८७ला गोवळकोंडा. नकाशा फुगला, पण मनसबदारांना वाटायला पिकत्या जहागिरी पुरेनात.

खेळ बनवणाऱ्यांनी त्यात इस्तावा घालावा असं मला मनापासून वाटतं. मग परागंदा होणारा कुणबीही घालावा लागेल. सारा जड झाला की माणसं गुरंढोरं घेऊन शेजारच्या मुलखात जात, गाव ओस पडे. पुतण्याच्या खेळातला गावकरी उपाशी सैन्य पोसतो, मार खातो, पण गाव सोडून कधीच जात नाही.