डाऊनीची फवारणी आणि पेशीतला जुना पाहुणा

नाशकात बोलायचं तर द्राक्षांपासूनच सुरुवात करू. ज्यांची बाग आहे त्यांनी डाऊनीसाठी, म्हणजे केवड्यासाठी, कधी ना कधी ॲझॉक्सीस्ट्रोबिन मारलं असेल. ते काम कुठं करतं? रोगाच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनावर. श्वसन अडलं की ऊर्जा बंद.

आता या मायटोकॉन्ड्रियाचा इतिहास बघा. १८९० मध्ये जर्मनीत आल्टमाननं म्हटलं की पेशीतले हे कण म्हणजे छोटे जीवच आहेत. फारसं कुणी मानलं नाही. १९२७ मध्ये अमेरिकेत वॉलिननं ते मूळचे जिवाणू असल्याचं पुस्तकच लिहिलं. पण ते पेशीबाहेर वाढवून दाखवले, असाही त्याचा दावा होता. तो चुकीचा ठरला आणि त्याच्याबरोबर चांगली कल्पनाही अडगळीत गेली.

मग १९६३ मध्ये मायटोकॉन्ड्रियात स्वतःचा डीएनए सापडला. १९६७ मध्ये २९ वर्षांच्या लिन मार्ग्युलिस यांचा लेख छापून आला, पंधराएक नियतकालिकांनी परत केल्यानंतर! म्हणणं साधं होतं: एका पेशीनं ऑक्सिजन वापरणारा जिवाणू आत घेतला, तो पचला नाही, तिथंच नांदला. (त्यांचं सगळंच खरं ठरलं असं नाही. पेशीची शेपटीही जिवाणूपासून आली, हे म्हणणं टिकलं नाही.) पुढे जनुकांची तुलना झाली आणि जिवाणूशी असलेलं नातं पक्कं झालं.

ही घटना साधारण दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वीची. आपल्या गोदाघाटाचा काळा कातळ जेमतेम साडेसहा कोटींचा!

पाहुण्याची बहुतेक जनुकं हळूहळू हरवली किंवा यजमानाच्या केंद्रकात गेली. माणसात मायटोकॉन्ड्रियाकडे उरली फक्त ३७. त्यात सायटोक्रोम बीचं जनुक आहे, आणि डाऊनीतही ते मायटोकॉन्ड्रियातच राहिलंय. आपलं औषध नेमकं तिथं अडतं. त्या जनुकात एक अक्षर बदललं की प्रथिनाच्या १४३व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲलनीन येतं आणि औषध चिकटतच नाही. अशी प्रतिकारक डाऊनी महाराष्ट्रातल्या बागांतही नोंदली गेलीय.

म्हणून दुकानात ‘हे चालेना, दुसरं द्या’ म्हणताना डब्यावरचा घटक वाचा. पायराक्लोस्ट्रोबिन काय, ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन काय, नाव वेगळं, जागा तीच. वेगळ्या गटातलं औषध मागा.

मागे हात वर दिसतोय. बोला काका.