वॉशिंग मशीन, आंबील ओढा आणि सोलापूरची मावशी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. विषय जरा घाण आहे, आधीच सांगते. जेवताना वाचू नका :)

झालं काय, पावसाळ्याआधी आमच्या सोसायटीत प्लंबर आला होता. गच्चीवरचं पाणी तुंबतं म्हणून बोलावलेला. त्यानं पाइप मोकळा केला आणि खाली येऊन म्हणाला, "ताई, तुमच्या पावसाच्या पायपातून साबणाचा फेस येतोय." भर मे महिन्यात!

शोधलं तेव्हा उलगडा झाला. कपडे धुण्याचं मशीन आम्ही सगळ्यांनीच मागच्या बाल्कनीत ठेवलंय. तिथली जाळी पावसाच्या पाइपला जोडलेली. म्हणजे आमच्या अख्ख्या बिल्डिंगचे कपडे गेली कित्येक वर्षं ओढ्यात धुतले जात होते, फक्त धोपटणं आणि दगड नव्हता.

पुण्यात पाण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, निदान कागदावर तरी. संडास-मोरीचं पाणी ड्रेनेजमधून शुद्धीकरण केंद्राकडे जायचं. पावसाचं पाणी पावसाळी गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत. या दुसऱ्या वाटेवर शुद्धीकरण नाही, कारण पावसाचं पाणी स्वच्छच असणार हे गृहीत धरलेलं. त्यामुळे चुकीच्या पायपात गेलेला एक थेंबही थेट मुठेत जातो.

आणि आमचा ओढा म्हणजे साक्षात आंबील ओढा! त्याच्याबद्दल वाचायला लागले आणि त्यातच अडकले.

हा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. पूर्वी तो पर्वतीवरून पुढे थेट आजच्या पेठांच्या भागातून वाहत जाऊन मुठेला मिळायचा. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवलं. तिथे तळं झालं, तळ्यात गणपती बसला. ते तळं बुजलं, आता त्या जागी सारसबाग आहे. ओढा हलल्यामुळे जी जागा मोकळी झाली तिथे सदाशिव पेठ वाढली. माझं माहेर सदाशिव पेठेतलं. म्हणजे मी जन्मले तीच मुळी ओढ्याच्या जागेत, आणि सासरी आले ती ओढ्याच्या काठी. नशिबात ओढाच!

पण मला जास्त आवडली ती दुसरी गोष्ट. त्याच नानासाहेबांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बंदिस्त दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा खेळेल आणि गाळ काढता येईल. गावात जागोजागी हौद. म्हणजे डोंगर एकच, पण पाण्याच्या वाटा दोन. पिण्याचं झाकून, पुराचं उघड्यावरून. एकात दुसरं मिसळू द्यायचं नाही, हे त्या लोकांना अडीचशे वर्षांपूर्वी कळत होतं.

हे पाणी सगळ्यांना सारखं मिळत होतं असं मात्र समजू नका. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही बातमी का ठरली याचा विचार केला की त्या वेळचं पुणं कळतं.

पुढे १८७० च्या दशकात इंग्रजांनी खडकवासल्याचं धरण बांधलं. हळूहळू घरोघर नळ आले. कात्रजच्या पाण्याची गरज संपली, हौद कोरडे पडले. माझ्या मते गोष्ट इथे फिरली. जोवर गाव कात्रजचं पाणी पीत होतं, तोवर कात्रजच्या डोंगराकडे कुणाचं तरी लक्ष होतं. वरून काय वाहून येतंय ते बघावंच लागायचं, कारण ते आपल्याच तांब्यात येणार. पाणी दुसरीकडून यायला लागल्यावर ओढा कुणाचाच राहिला नाही. मग त्याचा 'नाला' झाला. एकदा नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायला मन कचरत नाही.

बरं, नुसतं सांडपाणीच नाही. पहिल्या जोरदार पावसात रस्त्यावरचं ऑइल, टायरची भुकटी, प्लॅस्टिक, कुत्र्यांची घाण सगळं एकदम ओढ्यात जातं. पूर्वी निम्मं पाणी मातीत मुरायचं, आता सगळीकडे काँक्रीट, त्यामुळे पाणी जास्त येतं आणि धावत येतं. वाट मात्र आपण अरुंद केलेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्यानं अरण्येश्वर, सहकारनगर भागात काय केलं ते आम्ही विसरू शकत नाही. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी घराघरांत जो चिखल होता, त्याला येणारा वास पावसाचा नव्हता.

नदीत अंघोळ करायची तर पाण्याची बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा सरकारी निकष आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं माप. घाण वाढली की ते सगळा प्राणवायू संपवतात, माशांना काही उरत नाही. साबणातला फॉस्फेट जलपर्णीला खतासारखा लागू पडतो तो वेगळाच. आमच्या शर्टांच्या कॉलरी पांढऱ्या, नदी हिरवी.

हे सगळं मी फोनवर सोलापूरच्या मावशीला रंगवून सांगत होते. ती शांतपणे म्हणाली, "अगं, मग ते पाणी पुढं जातं कुठं?"

मी बोलता बोलता थांबले. मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमेवर उजनी धरण आहे, १९८० साली पूर्ण झालेलं. आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. मावशीकडे ते रोज येत नाही. आलं की पिंप, कळश्या, पातेली भरून ठेवायची, गाळायचं, उकळायचं. कित्येक वर्षं बघतेय मी तिला हे करताना. सुट्टीत गेले की मीही ते पाणी पिते. एकदाही डोक्यात आलं नाही की ते आमच्याच घरावरून तिच्याकडे गेलेलं आहे.

वरच्या अंगाला कोण आहे ते आपण नेहमी बघतो. खालच्या अंगाला आपली मावशी असते.

असो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. "सगळं पुणं टाकतंय, आपल्या पायपानं काय होणार?" हे अपेक्षेप्रमाणे झालंच. खर्चावरून तासभर वाद झाला. शेवटी मी सोलापूरचं सांगितलं. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका हळूच म्हणाले, "माझी मुलगी दिली आहे तिकडे."

गेल्या महिन्यात बाल्कनीच्या सगळ्या जाळ्या ड्रेनेजला जोडून घेतल्या. त्यानं मुठा स्वच्छ झाली नाही, होणारही नाही. ड्रेनेजमधलं सगळंच पाणी शुद्ध होऊन नदीत जातं असंही नाही. पण परवा पाऊस झाला तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन त्या पायपाखाली हात धरला. गच्चीवरची धूळ होती थोडी. फेस नव्हता.

तुमच्या बाल्कनीचं पाणी कुठे जातं? एकदा बादलीभर ओतून बघा. आणि मावशी, तू हे वाचत असशील तर, पाणी उकळूनच पी गं अजून.