फेअरी क्वीन
ईस्ट इंडियन रेल्वेचे १८५५ मध्ये लीड्स (इंग्लंड) येथे बांधलेले बाष्प एंजिन. त्याच्या चाकांच्या तीन जोड्यांपैकी फक्त मधल्या मोठ्या जोडीस चालना मिळते. त्यामुळे ते हलक्या टपालगाड्यांनाच योग्य होते. हावडा–राणीगंज मार्गावर ते धावे. प्रारंभी त्याला केवळ २२ हा क्रमांक होता. नाव १८९५ मध्ये मिळाले. १९०९ मध्ये ते सेवेतून काढण्यात आले. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात (स्थापना १९७७) प्रेक्षकांना ते दिसे, पण थंड व निश्चल. वाफेचा जोर आणि दट्ट्याची ये-जा यांची कल्पनाच करावी लागे. संग्रहालयांतील बहुतेक जुन्या एंजिनांची हीच स्थिती असते. चालत्या एंजिनाचे भाग झिजतात, ते बदलले की मूळ वस्तू तेवढी उणावते. तरीही १९९७ मध्ये ते पुन्हा पेटवून दिल्ली–अलवर मार्गावर पर्यटकांची गाडी त्याला जोडण्यात आली. मध्यंतरीच्या खंडानंतर २०१७ मध्ये ते पुन्हा धावले.