इल्मेनाइटमधील स्फटिकदोष

इल्मेनाइट हे लोह व टायटॅनियम यांचे काळे, जड ऑक्साइड खनिज आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर काळबादेवी, मिऱ्या इत्यादी ठिकाणच्या काळ्या वाळूत ते मॅग्नेटाइटसह आढळते. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन सुटलेले हे कण नद्यांनी समुद्राकडे वाहून आणले आणि लाटांनी किनाऱ्यावर निवडून साचवले. या कणांचा उपयोग काय व्हावा, हे बऱ्याच अंशी त्यांच्या स्फटिकरचनेतील दोषांवर अवलंबून असते.

आदर्श रचना

इल्मेनाइटमध्ये ऑक्सिजनचे आयन दाटीने रचलेले असतात. त्यांच्यामधील अष्टफलकी पोकळ्यांपैकी दोन तृतीयांश पोकळ्या धन आयनांनी भरलेल्या असतात. द्विसंयुजी लोह आणि चतुःसंयुजी टायटॅनियम यांचे थर एकाआड एक येतात. शुद्ध इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ५२.७ टक्के असते.

यमल सीमा

एकाच स्फटिकाचे दोन भाग ठरावीक सममितीने, पण भिन्न दिशांनी जुळलेले असतील तर त्यास यमल स्फटिक, आणि त्या भागांमधील पृष्ठास यमल सीमा म्हणतात. स्फटिकाची वाढ होताना किंवा त्यावर दाब पडल्याने ती निर्माण होते. हेमॅटाइट मिसळलेल्या इल्मेनाइटमध्ये तिचे आणखी एक कारण असते. उच्च तापमानास लोह व टायटॅनियम सर्व थरांत मिसळलेले असतात. थंड होताना ते वेगळे होतात. एका भागात जो थर टायटॅनियमचा होतो, तोच शेजारच्या भागात लोहाचा होऊ शकतो. हे भाग जेथे भेटतात तेथे क्रम मोडतो. जपानमधील हारुना ज्वालामुखीच्या खडकात पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेचे चुंबकत्व आढळते. त्याचा संबंध अशा सीमांजवळील लोहसमृद्ध भागांशी जोडला जातो.

रिक्त स्थाने

आयनिक स्फटिकात कोणताही दोष निर्माण झाला तरी एकूण विद्युत्‌भार शून्यच राहावा लागतो. हवा व भूजल यांच्या संपर्कात इल्मेनाइटमधील लोह त्रिसंयुजी होते. तीन द्विसंयुजी आयनांचा एकूण भार सहा असतो. तेवढाच भार दोन त्रिसंयुजी आयन देतात. म्हणून दर तीन लोह आयनांपैकी एक बाहेर पडतो व त्याचे स्थान रिक्त राहते. या बदलातून स्यूडोरूटाइल तयार होते व त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ६० टक्के होते. केरळमधील चवरा येथील वाळूतील इल्मेनाइट असेच बदललेले आहे.

महत्त्व

टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढऱ्या रंगाचे प्रमुख रंगद्रव्य आहे. ताजे इल्मेनाइट गंधकाम्लात सहज विरघळत असल्याने गंधकाम्ल पद्धतीस योग्य ठरते. लोह गमावलेले इल्मेनाइट क्लोरीन पद्धतीस अधिक सोयीचे असते.