अंगणवाडीला देणगी मिळाली, तर कोणती खेळणी घ्यावीत?

गावातलं मंडळ किंवा एखादा माजी विद्यार्थी अंगणवाडीला दहा-पंधरा हजार रुपये देतो. बहुतेक वेळा त्यातून प्लॅस्टिकची घसरगुंडी येते, फोटो निघतो आणि पैसे संपतात. घसरगुंडी वाईट नाही, पण एका वेळी एकच मूल घसरतं आणि बाकीची रांगेत उभी राहतात.

त्यामुळे दुकानात जाण्याआधी सेविकाताईंना विचारा: मुलं किती, जागा किती, आधीचं काय पडून आहे? मुलं आत्ता कशाशी खेळतात, हेही एक दिवस बसून बघा.

ब्रिटिश कलावंत सायमन निकोल्सन यांनी १९७१ मध्ये 'सुट्या भागां'ची कल्पना मांडली. हलवता, रचता, मोडता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकी मुलांची कल्पकता जास्त चालते, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे त्याच्या बऱ्याच आधी, १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, दगड, पानं, बिया यांनाच साधन बनवलं. म्हणजे निम्मं साहित्य फुकट मिळतं!

मग पैसे कशावर घालायचे? माझं मत विचाराल तर सगळ्यात आधी लाकडी ठोकळ्यांवर, आणि तेही भरपूर. वीस मुलांत बारा ठोकळे म्हणजे भांडणाची सोय. त्यानंतर चेंडू, दोऱ्या, रिंगा, भातुकलीची खरी छोटी भांडी, वाळू-पाण्यासाठी टब. बॅटरीवर चालणारी खेळणी टाळा. सेल संपले की ती कोपऱ्यात जातात, आणि छोटा बटन सेल मुलानं गिळला तर जिवावर बेतू शकतं.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते नसेल, तर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. तीन वर्षांखालची भावंडंही येत असतील, तर तोंडात मावतील अशा वस्तू, अगदी चिंचोकेसुद्धा, त्यांच्या हाती लागू देऊ नका.

खरी अडचण खरेदीनंतर येते. वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होते आणि ती हरवली तर जबाबदारी ताईंवर येईल, या भीतीनं खेळणी कपाटात कुलूपबंद होतात. म्हणून देतानाच देणगीदारांनी लेखी सांगावं: ही वापरून झिजली, फुटली तरी चालेल. शिवाय थोडी रक्कम पुढच्या वर्षीच्या चेंडूंसाठी बाजूला ठेवावी.