नोत्र दामचे लुई व्हिएर्न

संगीत नाटकात पायाने भाता मारून वाजवतात तो ऑर्गन आपल्यापैकी काही जणींनी ऐकला असेल. आज आम्ही त्याच्या थोरल्या भावंडाची आणि ते वाजवणाऱ्या लुई व्हिएर्न यांची गोष्ट सांगणार आहोत.

पॅरिसच्या नोत्र दाम या मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनला आज जवळजवळ ८००० नळ्या आहेत. आपल्या बाजाच्या पेटीत हवेने पत्ती थरथरते. इथल्या बहुतेक नळ्या बासरीसारख्या फुंकरीवर वाजतात. हातांसाठी पट्ट्यांच्या पाच रांगा आणि पायांसाठी वेगळ्या पट्ट्या.

लुईंचा जन्म १८७० साली प्वातिए गावी झाला. जन्मतःच डोळ्यांत मोतीबिंदू. लहानपणी शस्त्रक्रिया झाली, पण दिसू लागलं ते अगदी थोडं. पुढे पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत ते शिकले. ब्रेल लिपी तयार करणारे लुई ब्रेल याच शाळेत शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. ही शाळा मुलांना ऑर्गन वाजवणं, पियानो सुरात लावणं असं पोटापाण्याचं कसब शिकवायची.

ते कसब लुईंना थेट नोत्र दामपर्यंत घेऊन गेलं. १९०० साली स्पर्धेतून त्यांची तिथे निवड झाली. पुढची ३७ वर्षं त्यांनी ती जागा सोडली नाही. दुःखं मात्र एकामागून एक आली. १९०६ साली रस्त्यात पडून पाय मोडला. संसार मोडला. पहिल्या महायुद्धात मुलगा गेला, भाऊही गेला. उरलीसुरली नजर वाचवायला काही वर्षं स्वित्झर्लंडमध्ये उपचार घ्यावे लागले.

तरी काम चालूच होतं. मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत, नंतर ब्रेलमध्ये ते संगीत लिहीत. एकट्या ऑर्गनसाठी त्यांनी सहा सिम्फनी रचल्या. नोत्र दामचा ऑर्गन दुरुस्तीला आला, तेव्हा पैसे उभे करायला ते १९२७ साली अमेरिकेत कार्यक्रम करत फिरले.

२ जून १९३७ रोजी नोत्र दाममध्येच वाजवता वाजवता ते कोसळले. शिष्य मोरिस द्युरुफ्ले शेजारीच होते. २०१९च्या आगीतून तो ऑर्गन वाचला. नळ्या काढून साफ केल्या गेल्या आणि डिसेंबर २०२४पासून तो पुन्हा वाजतो आहे.

मैत्रिणींनो, कमी दिसणारं मूल आपल्या गल्लीतही असेल. त्याला नुसतं सांभाळून ठेवू नका. गटाच्या पुढच्या बैठकीत त्याच्या शाळेचा विषय काढा.